पदकांनंतरचा दिवस : उल्हासनगरच्या बराकी आणि बालेवाडीची मैदाने

#थ्रेड

१/ मोठी क्रीडास्पर्धा जाहीर झाली की खर्चाच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर मिळते : "मैदाने तर कायमची राहतील!" इतिहास या उत्तराला दुजोरा देत नाही. भिंती राहतात, वापर राखावा लागतो. याचा पुरावा कल्याण-कर्जत लोहमार्गावरच आहे.

२/ दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. तिच्या बराकी युद्धापुरत्याच होत्या. फाळणीनंतर सिंधमधील सुमारे लाखभर निर्वासित तेथे वसले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी उल्हासनगरची कोनशिला बसवली. आजही तेथील पत्ता 'कॅम्प नंबर'नेच सांगितला जातो. तात्पुरते बांधकाम शहर झाले, कारण त्यात रोज राहणारी माणसे होती.

३/ आता उलटे उदाहरण. २००४ च्या ऑलिंपिकसाठी अथेन्सने हेलिनिकोनच्या जुन्या विमानतळावर मैदाने बांधली. ती ओस पडली. २०१५-१६ मध्ये त्यांपैकी काहींत निर्वासितांना आसरा द्यावा लागला. कायमचे म्हणून बांधलेले मैदानच तात्पुरती छावणी झाले!

४/ महाराष्ट्रातील कसोटी म्हणजे पुण्याचे बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. २००८ मध्ये तेथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. पुढे आयएसएल फुटबॉल आणि एटीपी टेनिसही आले. २०१९ मध्ये मावळ लोकसभा मतदारसंघाची मतमोजणीही तेथेच झाली.

५/ "रिकामे पडण्यापेक्षा हे बरे," असा युक्तिवाद होतो. बरे खरेच, पण पाहुण्यांच्या वर्दळीला नांदते घर म्हणत नाहीत. बालेवाडीचा खरा वारसा आहे क्रीडा प्रबोधिनी, जेथे मुले निवास करून नित्य सराव करतात. संकुलाचे यश मोजायचे तर ते अशा मुलांच्या संख्येने मोजावे.

६/ "आधी बांधू, वापराचे नंतर पाहू" हे धोरण अटळ नाही. लंडनच्या जलतरण केंद्रात २०१२ च्या ऑलिंपिकवेळी १७,५०० आसने होती. स्पर्धेनंतर जास्तीची आसने काढून सुमारे २,५०० ठेवली आणि २०१४ मध्ये तलाव सामान्यांना खुला केला. हा निर्णय आराखड्यातच होता.

७/ बदलापूरच्या धावपटूला बालेवाडी गाठायची तर घाट ओलांडून जवळपास शंभर किलोमीटर जावे लागते. तिच्यासाठी ते संकुल बातमीपुरतेच उरते. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारत इच्छुक आहे. म्हणून प्रत्येक आराखड्याला पायाभरणीपूर्वीच विचारावे : समारोपानंतरच्या सोमवारी सकाळी येथे कोण येणार, आणि किती शुल्क देऊन?

८/ अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे. तेथे आजही पूजा होते, महाशिवरात्रीला यात्रा भरते. यात्रा वर्षातून एकदा येते; मंदिराचे दार मात्र रोज उघडते. मैदानांचा हिशेबही याच दाराशी मांडावा.