क्रेनवाल्याचा जीव कोणाच्या हिशोबात?

एक्स्प्रेसवेवर गाडी बंद पडली की आपण क्रेनवाल्याला फोन करतो. उशीर झाला तर चिडतो, पैसे जास्त मागितले तर भांडतो. पण आपली गाडी हुकाला लावताना तो जिथे वाकलेला असतो, ती जागा किती धोक्याची आहे, याचा विचार आपण कधी केला?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, साधा हिशोब मांडतो. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. तीन सेकंद मोबाईलकडे पाहिलंत, तर ८० मीटरहून जास्त अंतर तुम्ही न बघता कापलंत. त्याच अंतरात कोणीतरी साखळी बांधत असू शकतो. त्याच्या आणि तुमच्यामध्ये एक पांढरी रेघ असते, बस्स.

असा कोणी गेला की लोक 'नशीब' म्हणून मोकळे होतात. मला हे मान्य नाही. तकदीर मानणं वेगळं आणि आपला निष्काळजीपणा तिच्या माथी मारणं वेगळं.

कायदाही तोकडा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ई आलं. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडीला वाट न दिल्यास १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण हे कलम धावत येणाऱ्या वाहनासाठी आहे. कडेला उभं राहून काम करणाऱ्या माणसासाठी नाही. अमेरिकेत सगळ्या ५० राज्यांत 'मूव्ह ओव्हर' कायदे आहेत. दिवे लावून कडेला उभी असलेली टोइंगची गाडी दिसली की शेजारची लेन सोडा. जमत नसेल तर वेग कमी करा. तिथेही माणसं मरतात, पण चूक कोणाची हे तरी ठरलेलं असतं.

महाराष्ट्रात असा नियम का नको? टोल भरणाऱ्याला गुळगुळीत रस्ता मिळतो, मग तो मोकळा ठेवणाऱ्याला रिफ्लेक्टर जॅकेट, कोन आणि मागे आडोशाला दुसरी गाडी का नको? कामावर मृत्यू झाला तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. हेल्परचं नाव हजेरीवरच नसेल, तर घरच्यांनी नोकरी सिद्ध करायची कशी?

गॅरेज आणि क्रेनच्या धंद्यात आपल्या मोहल्ल्यातली पोरंही आहेत. रस्त्यातला अडथळा दूर करणं ईमानचा भाग, हे आपण मदरशात शिकलो. ते काम जे रोज करतात, त्यांच्यासाठी आवाज उठवा. आणि तोवर, पिवळा दिवा दिसला की लेन सोडा. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.