गोळी रक्तदाबाची, आशा केसांची

त्वचारोगतज्ज्ञाने लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन पंचविशी-तिशीतला तरुण औषधाच्या दुकानात जातो, घरी येऊन खोक्यातला घडीचा कागद उलगडतो आणि चक्रावून जातो. औषध घेतले केसांसाठी. कागदावर मात्र केस उगवण्याचा उल्लेख असलाच तर तो दुष्परिणामांच्या यादीत. बाकी सारा मजकूर उच्च रक्तदाबाचा, आणि हृदयाभोवती पाणी साठण्यापासून छातीतल्या दुखण्यापर्यंतच्या इशाऱ्यांचा. काही जण तेथेच गोळ्या कपाटात टाकून देतात. काही जण कागद वाचण्याच्या फंदातच पडत नाहीत.

हे औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. विरळ होणाऱ्या केसांवर ते कमी मात्रेत पोटातून देण्याची पद्धत गेल्या दहा वर्षांत जगभर रूढ झाली असून महाराष्ट्रातील शहरेही तिला अपवाद नाहीत. मात्र या कारणासाठी या गोळीला अमेरिकेत वा भारतात औषध नियंत्रकांची मान्यता नाही. वैद्यकाच्या परिभाषेत याला 'ऑफ-लेबल', म्हणजे मान्यतेबाहेरचा वापर म्हणतात. तो बेकायदा नाही. पण म्हणून तो निर्धोक ठरतो का, हा खरा प्रश्न आहे.

मिनॉक्सिडिलचा इतिहास या प्रश्नाच्या मुळाशी नेतो. अमेरिकेतील अपजॉन कंपनीने हे औषध रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरवण्यासाठी विकसित केले. चाचण्या सुरू असताना रुग्णांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस उगवू लागले. कोलोरॅडो विद्यापीठातील गुंटर कान आणि पॉल ग्रँट या दोघा डॉक्टरांना १९७१ च्या सुमारास यातली संधी दिसली. त्यांनी गोळीचे द्रावण करून ते स्वतःच्या त्वचेवर चोळून पाहिले आणि केस उगवले. पुढे शोध कोणाचा यावरून कंपनीशी त्यांचा दीर्घ वाद झाला व अखेर पेटंटवर कान यांचे नाव लागले. दरम्यान १९७९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गोळीला मान्यता दिली ती केवळ इतर औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र रक्तदाबासाठी, आणि तीही चौकटीतल्या ठळक इशाऱ्यासह. डोक्याला लावण्याचे दोन टक्क्यांचे द्रावण १९८८ मध्ये बाजारात आले. कंपनीला त्याचे नाव 'रीगेन' ठेवायचे होते. गेलेले परत मिळण्याची हमी त्या नावातच आहे, असा आक्षेप आल्याने अमेरिकेत ते 'रोगेन' झाले. ब्रिटनमध्ये मात्र ते आजही जुन्याच नावाने विकले जाते.

म्हणजे केस उगवले ते प्रथम गोळीने. हृदयाला धोका नको म्हणून औषध बाटलीत गेले आणि आता पुन्हा गोळीकडे वळले आहे. याचे कारण बाटलीच्या मर्यादा. द्रावण दिवसातून दोनदा, महिनोन् महिने लावावे लागते. केस चिकट होतात, टाळूला खाज सुटते, मुंबईच्या दमट हवेत तर तो जाच अधिकच जाणवतो. अनेक जण काही महिन्यांतच बाटली बाजूला ठेवतात, आणि उपचार थांबला की मिळालेले केसही काही महिन्यांत झडतात. शिवाय मिनॉक्सिडिल स्वतः फारसे काम करत नाही. केसांच्या मुळांतील एक विकर त्याचे सक्रिय रूपात रूपांतर करते तेव्हा ते कामाला लागते. हे विकर सर्वांमध्ये सारखे नसते. ज्यांच्या टाळूत ते कमी, त्यांनी कितीही द्रावण चोळले तरी गुण बेताचाच. गोळी घेतल्यास मात्र हे रूपांतर यकृतातही होते.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे त्वचारोगतज्ज्ञ रॉडनी सिंक्लेअर यांनी या वाटेवर पद्धतशीर पावले टाकली. केस विरळ झालेल्या शंभर स्त्रियांना त्यांनी पाव मिलिग्रॅम मिनॉक्सिडिल आणि सोबत पंचवीस मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोन दिले. रक्तदाबासाठी प्रौढांना मिनॉक्सिडिल सामान्यतः रोज १० ते ४० मिलिग्रॅम दिले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे ही मात्रा किती अल्प होती याची कल्पना येते. २०१८ मध्ये छापून आलेल्या या अनुभवाने जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांचे लक्ष वेधले. २०२१ मध्ये माद्रिदचे सर्जिओ वान्यो-गाल्वान आणि सहकाऱ्यांनी १४०४ रुग्णांच्या नोंदी तपासून सुरक्षिततेचा अहवाल प्रसिद्ध केला. नको तेथे लव वाढण्याची तक्रार सुमारे १५ टक्के रुग्णांत, डोके हलके वाटणे १.७ टक्क्यांत, अंगावर सूज १.३ टक्क्यांत आणि छातीत धडधड ०.९ टक्के रुग्णांत आढळली. ऑगस्ट २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या स्वस्त जुन्या गोळीवर वृत्तान्त छापला आणि दवाखान्यांपुरता असलेला विषय घरोघरी पोहोचला.

पुढची नोंद थोडी थंड पाणी ओतणारी आहे. ब्राझीलमध्ये ९० पुरुषांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना रोज पाच मिलिग्रॅमची गोळी व निम्म्यांना दिवसातून दोनदा पाच टक्क्यांचे द्रावण देण्यात आले. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. चोवीस आठवड्यांनी केस मोजले तेव्हा गोळी द्रावणापेक्षा सरस ठरली नाही. फक्त छायाचित्रांत माथ्याच्या मागच्या भागावर तिचा थोडा अधिक गुण दिसला. २०२४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोळी निरुपयोगी आहे असा त्यांचा अर्थ नाही. पण बाटलीपेक्षा ती हमखास बलवान आहे, ही समजूत त्यांनी मोडली. जो द्रावण नेमाने लावतो त्याला गोळीने फार मोठा फरक पडेल असे नाही. जो ते लावतच नाही, त्याला पडेल.

त्याच चाचणीतला आणखी एक आकडा बोलका आहे. गोळी घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या पुरुषांना शरीरावर इतरत्र केस वाढल्याचे जाणवले आणि सुमारे १४ टक्क्यांना डोकेदुखी झाली. १४०४ रुग्णांच्या नोंदींत हेच प्रमाण १५ टक्के आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. मात्रांमधला फरक हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, चाचणीत प्रत्येकाला खोदून विचारले जाते. जुन्या केसपेपरांत तेवढेच सापडते जेवढे रुग्णाने आपणहून सांगितले आणि डॉक्टरांनी लिहून ठेवले. गोळीच्या सुरक्षिततेचा आजचा बराचसा पुरावा या दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि तो मुख्यत्वे केसांच्या विकारांत मुरलेल्या तज्ज्ञांच्या दवाखान्यांतून आलेला आहे. तेथे ज्यांना गोळी देणे योग्य नाही ते आधीच गाळले जातात आणि उरलेल्यांवर लक्ष ठेवले जाते.

लेबल कशाने ठरते?

मान्यता नसण्याचे कारण प्रत्येक वेळी वैद्यकीयच असते असे नाही. ड्युटास्टेराइड हे मूळचे प्रोस्टेटच्या वाढीवरचे औषध. पुरुषांच्या टकलावर दक्षिण कोरियाने २००९ मध्ये आणि जपानने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. अमेरिकेत ते आजही प्रोस्टेटपुरतेच आहे. गोळी तीच, सीमा ओलांडली की लेबल बदलते. मिनॉक्सिडिलच्या गोळीची पेटंटे केव्हाच संपली आहेत. जी गोळी अनेक कंपन्या स्वस्तात बनवतात, तिच्या नव्या उपयोगासाठी हजारो रुग्णांवरील चाचण्यांचा खर्च कोणती कंपनी सोसेल? अमेरिकेतील एका कंपनीने शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या मिनॉक्सिडिल गोळीच्या चाचण्या हाती घेतल्या आहेत. ती यशस्वी झाल्यास लेबल मिळेल, पण किंमत जुन्या गोळीची राहणार नाही हे उघड आहे.

भारतात औषध नियंत्रक आणि डॉक्टर यांच्यातील ही सीमारेषा यापूर्वीही वादात सापडली आहे. स्तनाच्या कर्करोगावरील लेट्रोझोल वंध्यत्वासाठी वापरण्यावर केंद्र सरकारने २०११ मध्ये बंदी घातली आणि २०१७ मध्ये ती उठवली. मधल्या काळात परदेशांत हेच औषध त्याच कामासाठी अधिकाधिक स्वीकारले जात होते. लेबल हा अंतिम शब्द नव्हे, हे यातून दिसते. पण लेबल असते तेव्हा मात्रा किती, ती कोणास देऊ नये, किती काळ द्यावी याची लेखी जबाबदारी कंपनी व सरकार घेतात. ते नसते तेव्हा हा सारा भार चिठ्ठी लिहिणाऱ्या एका डॉक्टरवर येतो. चिठ्ठी नीट तपासून लिहिली गेली असेल तर हा भार पेलणारा असतो.

चिंता आहे ती त्या चिठ्ठीचीच. केसांच्या उपचारांची बाजारपेठ आता मोबाइलवर आली आहे. टाळूचे दोन फोटो आणि दहा प्रश्नांची उत्तरे दिली की काही दिवसांत पाकीट घरपोच. केंद्राच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार औषध नोंदणीकृत डॉक्टरनेच लिहिले पाहिजे. यंत्राला वा ॲपला ते अधिकार नाहीत. टक्कल बरे करण्याचा दावा करण्यास तर औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टात कधीपासूनच मज्जाव आहे. तरीही उपचारापूर्वी व उपचारानंतरच्या छायाचित्रांच्या जाहिराती रोज डोळ्यांपुढे येतात. फोटोवरून भांग किती रुंद झाला हे कळते, रक्तदाब कळत नाही. घोट्यावरची सूज, हृदयाच्या झडपेचा जुना दोष किंवा सोबत चालू असलेली रक्तदाबाची दुसरी गोळी विचारल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय उघड होत नाही. मित्राच्या गोळ्यांतल्या चार आपणही घेऊन पाहू, असे म्हणणाऱ्याला तर कोणी विचारणाराही नसतो.

मात्रेतली चूक हा वेगळा धोका. पाव आणि अडीच मिलिग्रॅम यांत एका टिंबाचा फरक आहे आणि परिणाम दहापट. अल्प मात्रेसाठी मोठी गोळी अर्धी किंवा पाव करून घ्यावी लागते. हे काम घरोघरी सुरीने होते. औषध नको त्या शरीरात गेले म्हणजे काय होते हे स्पेनने २०१९ मध्ये पाहिले. आम्लपित्तावरील औषध म्हणून आलेला माल प्रत्यक्षात मिनॉक्सिडिल निघाला आणि ते सिरप घेतलेल्या डझनाहून अधिक बालकांच्या अंगभर केस उगवले. औषध थांबवल्यावर ते ओसरले, पण त्या घरांनी सोसलेली घालमेल कोणत्याही तक्त्यात मावणारी नाही.

२०२४ च्या अखेरीस बारा देशांतील ४३ केसतज्ज्ञांनी सहमतीने केलेल्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या. हृदयाचे काम मंदावलेले, हृदयावरणात पाणी किंवा दाह असलेले, फुफ्फुसातील रक्तदाब वाढलेले रुग्ण आणि गर्भवती व स्तनपान करणाऱ्या स्त्रिया यांना गोळीपासून दूर ठेवावे, असा त्यांचा सूर आहे. प्रौढ स्त्रियांसाठी सव्वा व पुरुषांसाठी अडीच मिलिग्रॅम ही सुरुवातीची मात्रा त्यांनी सुचवली. हृदयावरणात पाणी साठण्याच्या घटना अल्प मात्रेतही क्वचित नोंदल्या गेल्या आहेत. पाय सुजणे, अचानक वजन वाढणे, धाप लागणे ही लक्षणे केसांच्या औषधाशी जोडण्याचे बहुतेकांच्या मनातही येत नाही, म्हणून ती आधी सांगून ठेवावी लागतात. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट अधिक गळतात, हेही सांगावे लागते. नाहीतर रुग्ण घाबरून नेमका तेव्हाच औषध सोडतो.

गोळीला पर्याय म्हणून पुढे येणाऱ्या औषधांचीही स्वतःची किंमत आहे. फिनास्टेराइडच्या एक मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत १९९७ पासून टकलासाठी मान्यता आहे, म्हणजे ती लेबलवर आहे. तरीही आत्महत्येचे विचार हा तिचा दुष्परिणाम असल्याचे युरोपच्या औषध संस्थेच्या समितीने मे २०२५ मध्ये निश्चित केले. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी होणाऱ्या पीएसए चाचणीचा आकडा ती निम्म्यावर आणते. पन्नाशीतल्या पुरुषाने हे तपासणाऱ्या डॉक्टरला सांगितले नाही तर अहवाल फसवा ठरू शकतो. ड्युटास्टेराइड शरीरात इतके रेंगाळते की शेवटच्या गोळीनंतर सहा महिने रक्तदान करता येत नाही. गणेशोत्सवापासून नेत्यांच्या वाढदिवसापर्यंत रक्तदान शिबिरे भरणाऱ्या महाराष्ट्रात हा प्रश्न शिबिराच्या अर्जावर किती जण विचारतात आणि किती जण प्रामाणिकपणे भरतात, हे एकदा पाहण्याजोगे आहे.

आणि या सगळ्याआधी केस का गळताहेत हे कळणे आवश्यक असते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात डिसेंबर २०२४ पासून अनेक गावांत लोकांचे केस काही दिवसांत झडू लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध गव्हातील सेलेनियमच्या अतिप्रमाणाशी जोडला. तेथे मिनॉक्सिडिलच्या गोळ्या वाटून काय साधले असते? शहरातही डेंग्यू, बाळंतपण, रक्तातील लोहाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड यांनी केस मूठमूठ गळतात. मूळ कारण दूर झाले की यांतले पुष्कळसे केस गोळीविना परत येतात. आनुवंशिक टकलात तसे होत नाही. गोळी प्रामुख्याने त्याच्यासाठी आहे, आणि ती सुरू केली तर बहुधा वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. पंचविशीत सुरू झालेली गोळी चाळिशीत, जेव्हा रक्तदाब स्वतःच वर सरकू लागतो, तेव्हा कशी वागते याची दीर्घकालीन माहिती अजून जमा व्हायची आहे.