पिशवी लहान, दिवस मोठा

सुटी लागली की खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाण्याचा बेत अनेक कुटुंबांत ठरतो. अशा वेळी सर्वांचे सामान एकाच मोठ्या पिशवीत भरण्याची आपली जुनी रीत आहे. वरवर ती सोयीची भासते. परंतु वेगवान राइडमध्ये सुटे सामान नेता येत नाही, म्हणून पिशवीपाशी कोणाला तरी थांबावे लागते. बहुधा घरातील आई किंवा आजीच दिवसभर बाकावर राखणदार होऊन बसते. तिकीट मात्र तिचेही काढलेले असते!

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येकाने आपले सामान आपणच वाहावे. मोठ्यांना १० ते १२ लिटरची पाठपिशवी पुरते, मुलांना चेन असलेला कमरेचा पाउच. १ लिटर पाण्याचे ओझे १ किलो. चौघांचे पाणी एकाच्याच खांद्यावर का द्यावे? उकळलेले पाणी न्यायचे असल्यास बाटल्या वाटून घ्याव्यात. खाद्यपदार्थ व पाणी आत नेण्याचे नियम आधी विचारावेत. पिशवी चामड्याची नको, नायलॉनची असावी. ती हलकी असते, भिजली तरी लवकर वाळते आणि आपल्या आचारालाही साजते. दागिने घरीच ठेवावेत. उरलेले सामान लॉकरमध्ये.

अनावश्यक माल भरणे तोट्याचे, हे व्यापारी घरांना सांगावयास नको. पिशवी भरतानाही तोच हिशेब ठेवावा, म्हणजे आईच्या वाट्यालाही सुटीचा दिवस येईल.