मोड आले म्हणून सोयाबीन कच्चं खाऊ नका

जून-जुलैत मासेमारी बंद झाली की हर्णेत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मासळी नाही, मग प्रोटीनसाठी मोड आलेलं सोयाबीन कच्चंच खाल्लं तर चालेल ना?"

नाही चालणार. मोड जरूर आणा, पण नंतर शिजवा.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतात. प्रथिनं पचवण्यासाठी आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन येतं, त्यालाच ते अडवतात. म्हणजे ज्यासाठी सोयाबीन खायचं, तेच नीट पचत नाही. शिवाय त्यातलं फायटिक ॲसिड लोह आणि झिंक धरून ठेवतं, आणि रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा मोठ्या आतड्यात जाऊन गॅस करतात.

मोड येताना दाणा आपलाच साठा वापरू लागतो. गॅस करणाऱ्या साखरा एक-दोन दिवसांतच बऱ्याच कमी होतात. फायटिक ॲसिड सावकाश उतरतं. जरासा पांढरा कोंब दिसला म्हणजे काम झालं असं नाही. ट्रिप्सिन इनहिबिटर मात्र चिवट. मोडांनी ते थोडेफार कमी होतात, पण खरे मोडतात ते पाण्यात शिजवल्यावर. भिजवलेलं सोयाबीन कुकरला लावून मऊ होऊ द्या. नुसतं वरवर परतून भागत नाही.

मग तीन-तीन दिवस मोड वाढवावेत का? आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत मी तसं सांगणार नाही. जे ऊब-ओल मोडांना लागतं, तेच जंतूंनाही आवडतं. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांमुळे ई. कोलायची साथ आली आणि ५० हून अधिक माणसं दगावली. भिजवलेलं पाणी फेका, मोड दिवसातून दोन-तीनदा धुवा, बुळबुळीत झाले किंवा वास आला तर सरळ टाकून द्या.

खरं सांगू का, कोकणात कडवे वाल कोणी कच्चे खात नाही. भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलायचे, मग बिरडं शिजवायचं. सोलताना सालातले टॅनिनही जातात. सोयाबीनमध्ये प्रथिनं जास्त, हे मान्य. सुक्या दाण्यात साधारण ४० टक्के, तर वालात २४-२५. पण दारचे वाल सोडून सोयाबीनच कशाला हवं, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि थायरॉइडची गोळी चालू असेल, तर गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचं अंतर ठेवा. सोयाबीनमुळे गोळी नीट शोषली जात नाही.