घराच्या शटरला मोटार : आधी हिशेब, मग बटण

मुक्ताईनगरात, म्हणजे जुन्या माणसांच्या एदलाबादेत, अलीकडे जी नवी घरे उभी राहिली त्यांत एक गोष्ट सर्रास दिसते. खाली मोटारगाडी ठेवण्याची जागा, तिला दुकानासारखे लोखंडी शटर आणि वरच्या मजल्यावर राहणे. पूर्वी त्याच जागी ओटा असे आणि संध्याकाळी त्यावर चार माणसे बसत. ओटा गेला, शटर आले, आणि शटरच्या मागोमाग त्याला मोटार बसविण्याचा शौकही आला. बटण दाबावे आणि दार आपोआप वर जावे! शौकाला माझा विरोध नाही. परंतु ज्या बेहिशेबी रीतीने आपली व्यापारी मंडळी हा खर्च अंगावर घेत आहेत, त्याविषयी दोन शब्द लिहिणे मला जरुरीचे वाटते. मी कापडाचा व्यापारी आहे, शटरचा कारागीर नव्हे. मात्र तीस वर्षे सकाळ-संध्याकाळ शटर उचलून कंबर दुखवून घेतली आहे, तेवढाच माझा अधिकार.

गोष्ट अशी घडते. शटरवाला येतो, टेपने माप घेतो आणि चिठोऱ्यावर एकच आकडा लिहून देतो. आपण तो आकडा खिशात ठेवतो आणि त्यालाच बजेट समजतो. वस्तुतः तो फक्त मोटार व तिच्या पेटीचा भाव असतो. समजा, चिठोऱ्यावर ६०,००० रुपये लिहिले आहेत. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १०,८०० रुपये, एकूण ७०,८००. त्यानंतर मीटरपासून शटरपर्यंत स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी आणि अर्थिंग. पाइप व मोटार झाकणारा पत्र्याचा खोका. लिंटेलजवळ फोडतोड झाली तर गवंडी आणि पुन्हा रंग. जुन्या शटरची स्प्रिंग थकलेली असेल तर ती बदलणे. घरात चार माणसे आणि रिमोट दोन, म्हणून आणखी दोन रिमोट. वीज गेल्यावर दार उघडावे म्हणून बॅटरी. यातील एकही बाब चिठोऱ्यावर नसते, आणि प्रत्येक बाब काम अर्धे झाल्यावरच निघते, जेव्हा नाही म्हणण्याची सोय उरलेली नसते. कापड दुकानात गिऱ्हाईक पहिल्यांदा शिलाई विचारत नाही, मीटरचा भाव विचारते; आपण तेच गिऱ्हाईक होतो.

शटरवाला पुढे हळूच म्हणतो, 'सेठ, बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील.' वाचतात खरे, पण गॅरंटीही त्याच वाटेने जाते. आठ महिन्यांनी मोटार बंद पडली तर कोणत्या कागदावर बोट ठेवणार? स्वतः गिऱ्हाइकाला बिल देणाऱ्या माणसाने खरेदीत मात्र बिनबिलाचा रस्ता धरावा, हे मला पटत नाही.

पत्र्याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण तेथे माझा धंदा उपयोगी पडला. शटरच्या पट्ट्यांचा पत्रा गेजमध्ये सांगतात: १८ गेज, २० गेज, २२ गेज. पुष्कळांना वाटते की आकडा मोठा म्हणजे माल भारी. उलट आहे. सुताच्या काउंटचे जे गणित, तेच येथे. ४० काउंटचे सूत २० काउंटपेक्षा बारीक असते. तसाच २२ गेजचा पत्रा १८ गेजपेक्षा पातळ असतो. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९ आणि २२ गेज म्हणजे ०.७ च्या आसपास. बोलताना २० आणि बसविताना २२, असे झाले तर डोळ्याला कळत नाही. स्क्रू गेज नावाचे लहानसे मोजमापाचे साधन कोणत्याही टर्नरकडे असते, ते पाच मिनिटांसाठी मागून आणावे. आपल्याकडे मे-जूनमध्ये जे वादळ केळीच्या बागा आडव्या करते, तेच पातळ पत्र्याच्या रुंद शटरला पोटासारखे आत दाबते. पट्ट्या चॅनेलमधून निसटल्या की मोटार कितीही महागाची असो, दार वर जात नाही.

आता मुख्य मुद्दा. मोटार वजन उचलते, हा समज चुकीचा आहे. दहा फूट रुंद व आठ फूट उंच अशा १८ गेजच्या शटरचे वजन शंभर किलोच्या आगेमागे भरते. ते लहान पोरगाही एका हाताने वर ढकलू शकतो, ते पाइपातील स्प्रिंगमुळे. स्प्रिंग वजन तोलते, हात फक्त इशारा देतो. पाइपाच्या मध्यभागी जी मोटार बसवितात, तीही अशा तोललेल्या शटरसाठीच असते. मोठ्या गोदामांच्या जड शटरला बाजूला साखळीची मोटार लावतात, ती मात्र स्प्रिंगशिवाय सारा भार घेते आणि त्या मानाने महागही पडते. म्हणून मोटार घेण्यापूर्वी साधी परीक्षा करावी. शटर हाताने अर्ध्यावर आणून सोडावे. जागच्या जागी राहिले तर तोल बरोबर आहे. धाडकन खाली आले तर मोटारीचा विचार सोडून आधी स्प्रिंगवाल्याला बोलवावे. या परीक्षेला एक पैसा लागत नाही.

मी ही परीक्षा केली नव्हती. २०२२ साली दुकानाच्या जुन्या शटरला मोटार बसवून घेतली. ज्याने बसविली त्याने स्प्रिंगला हातही लावला नाही आणि मलाही विचारण्याची अक्कल नव्हती. २०२३ च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, सकाळी दहाला मोटार जळाली. शटर गुडघाभर वर येऊन अडकले. बस्त्यासाठी आलेले वऱ्हाड रस्त्यावर उन्हात उभे, आणि मी पोटावर सरपटत आत गेलो. ते वऱ्हाड तासभर थांबले आणि समोरच्या दुकानात गेले. मोटारीची किंमत मी खात्यात लिहिली, त्या बस्त्याची कोठे लिहिणार?

आपल्या उन्हाचाही हिशेब धरला पाहिजे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पश्चिमेकडे तोंड असलेले लोखंडी शटर दुपारी तव्यासारखे तापते. त्याच तव्याच्या डोक्यावर, पत्र्याच्या खोक्यात, मोटार बसलेली असते. पाइपाच्या आत बसणाऱ्या नळीसारख्या मोटारी सलग साधारण चार मिनिटे चालण्यासाठीच बनवितात. त्यापुढे तापल्या की आपोआप बंद होतात आणि थंड होईपर्यंत उठत नाहीत. म्हणजे पाहुण्यांच्या पोरांनी बटणाशी खेळ मांडला की दार रुसलेच. खोक्याला हवा जाण्यास जागा ठेवा म्हणून सांगावे लागते, स्वतःहून कोणी ठेवत नाही.

विजेच्या बिलाची धास्ती मात्र व्यर्थ आहे. ४०० वॉटची मोटार उघडझाक मिळून ४० सेकंद चालली आणि दिवसातून चार फेऱ्या झाल्या, तर महिन्याला जेमतेम अर्धे युनिट पडते. गंमत अशी की रिमोटची वाट पाहत रात्रंदिवस जागे राहणारे सर्किट चार वॉट जरी ओढत असेल, तरी महिन्याला जवळजवळ तीन युनिट खाते. काम करणाऱ्यापेक्षा बसून राहणाऱ्याचा खर्च जास्त! व्यापाऱ्याला हे नवीन नाही. स्प्रिंगचे आयुष्यही फेऱ्यांतच मोजतात. परदेशात गॅरेजच्या दाराची साधी स्प्रिंग १०,००० फेऱ्यांची धरतात. रोज चार फेऱ्यांनी २,५०० दिवस, म्हणजे सातेक वर्षे. बटण आले की फेऱ्या वाढतात, हेही ध्यानात असू द्यावे. हाताने उचलायचे असते तेव्हा माणूस विनाकारण दार उघडत नाही.

परदेशाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अमेरिकेत ही विजेची दारे १९२० च्या दशकापासून आहेत, आणि त्यांच्याखाली सापडून कित्येक मुले दगावल्यावर तेथे कायदा झाला. १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती दाराच्या यंत्रात, खाली येताना काही आडवे आले तर दार उलटे फिरलेच पाहिजे, अशी सक्ती आहे. त्यासाठी दाराच्या दोन बाजूंना जमिनीपासून वीतभर उंचीवर सेन्सर बसवितात. आपल्याकडे हा सेन्सर मागितला तर मिळतो, न मागितला तर त्याचे नावही निघत नाही, आणि बजेट ओढाताणीचे झाले की पहिला कात्री लागतो तो यालाच. रिमोट चार हवेत, सेन्सर नको! आपल्या गल्ल्यांत मुले शटरखालूनच ये-जा करतात, चेंडू नेहमी आतच जातो. माझे स्पष्ट मत आहे की सेन्सरला पैसे नसतील तर मोटारीलाही पैसे नाहीत असे समजावे. आणि सेन्सर बसविल्यावर दर आठवड्याला त्याची काच पुसावी, आपली धूळ त्यास आंधळा करते.

दुसरा धोका याहून कमी बोलला जातो. ज्या घरात खाली शटर आणि जिना त्याच्या आत, तेथे शटर हाच एकमेव रस्ता असतो. रात्री वीज गेली, बॅटरी उतरलेली आहे आणि खाली मीटरजवळ ठिणगी उडाली, तर वरची माणसे बाहेर कशी येणार? मोटार सोडविण्याची दोरी किंवा चावी प्रत्येक चांगल्या यंत्राला असते. ती आतून हाताला येईल अशी असावी, आणि घरातील बायकांना व म्हाताऱ्यांना ती ओढून दाखवावी. शक्य असेल तर शटरच्या बाजूला एक साधा दरवाजा ठेवावा. नकाशा काढतानाच अडीच-तीन फूट जागा सोडली तर तो स्वस्तात होतो; मागाहून भिंत फोडावी लागते. घरापुढे मोकळी जागा असेल त्यांनी शटरऐवजी बाजूला सरकणाऱ्या फाटकाचा विचार करावा. त्याला वजन उचलायचे नसते, फक्त ढकलायचे असते. मात्र फाटकाच्या रुंदीइतकी भिंत बाजूला लागते.

आता पैसा कोठून येतो ते पाहू, आणि हीच माझी खरी तक्रार आहे. घराचे दार आणि बिल दुकानाच्या नावावर! जीएसटीत जमा-वजावट मिळेल असे कोणी कानात सांगितलेले असते. घरच्या वापराच्या वस्तूवर ती वजावट कायद्याने मिळत नाही, आणि घेतली तर पुढे व्याजासह परत करण्याची पाळी येते. बरे, ते जाऊ द्या. सत्तर-ऐंशी हजार रुपये गल्ल्यातून काढले ते साधारण दिवाळीनंतर, हातात पैसा खेळत असताना. लग्नसराईचा माल भरण्यासाठी सुरतेला जाण्याची वेळ येते तेव्हा तेच पैसे कमी पडतात. रोखीचा माल मग उधारीत घ्यावा लागतो, आणि उधारीचा भाव वेगळा असतो हे मी कापडवाल्यांना काय सांगावे? शटरची खरी किंमत त्या फरकात लपलेली असते. 'शून्य टक्के हप्ता' याचाही तोच प्रकार आहे. रोखीने घेणाऱ्यास किती सूट देता, एवढे विचारा. जी सूट हप्तेवाल्यास मिळत नाही, तेच त्याचे व्याज. घरासाठी वेगळे खाते, त्यात दरमहा थोडे, आणि पुरेसे झाल्यावर खरेदी, ही रीत सावकाश आहे पण दुकानाला धक्का लावत नाही.

एवढे लिहूनही मी असे म्हणणार नाही की ही मोटार फुकटचा थाट आहे. आमच्या सूनबाई शाळेत शिकवितात, सकाळी साडेसहाला स्कूटर काढतात. खालचे शटर जड आहे, म्हणून रोज कोणाला तरी उठवावे लागते. मुलगा गावी गेला की मलाच. एकदा त्या म्हणाल्या, 'अब्बा, मला उशीर झाल्याचे दुःख नाही, तुम्हाला उठवावे लागते त्याचे आहे.' गुडघे गेलेला माणूस, एकटी राहणारी विधवा, पहाटे कामावर जाणारी मुलगी, यांच्यासाठी ते बटण म्हणजे कोणाची मिनतवारी न करता घराबाहेर पडण्याची मोकळीक आहे. त्या खर्चाला मी शौक म्हणत नाही. ज्यांच्याकडे गाडी आठवड्यातून एकदा निघते, त्यांच्याविषयी मात्र माझे मत निराळे आहे.

आमच्या घरी सध्या एवढेच केले आहे की जुनी स्प्रिंग काढून नवी टाकली आणि चॅनेलमध्ये ग्रीस भरले. शटर आता अर्ध्यावर सोडले तरी थांबते आणि सूनबाई ते स्वतः वर करतात. मोटारवाल्याचा परवा पुन्हा फोन आला. त्याला सांगितले, सेन्सर आणि बाहेरची चावी धरून, जीएसटीसह, पक्क्या कागदावर भाव लिहून आण. अजून आलेला नाही.