एक वाजता निघून सातला पोहोचणारे विमान

सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा लालबागमधील माझ्या दवाखान्यात आता वरचेवर येतात. अशाच एका निवृत्त गिरणी कामगार आजोबांनी तिकीट माझ्यापुढे ठेवले. मुंबईहून रात्री एक वाजता प्रयाण, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी सात वाजता आगमन. "सहा तासांचा तर प्रश्न, डॉक्टर! सकाळचे इन्सुलिन उतरल्यावर घेईन," असे ते म्हणाले.

वाचकहो, हिशेब इथेच चुकतो. या दोन शहरांतील हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार झालेले असतात. म्हणजे आजोबांचे उड्डाण साडेपंधरा तासांचे; गिरणीच्या भाषेत जवळजवळ दोन पाळ्या, त्याही बसून. विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे आणि उतरल्यावरची रांग धरली, तर दारापासून दारापर्यंत बावीस तास सहज होतात.

म्हणून मनगटावरचे घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवावे आणि औषधे त्यानुसार घ्यावीत. इन्सुलिनचे मात्र एवढ्याने भागत नाही. जाताना दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, येताना तेवढाच आखूड होतो. परतीत दोन मात्रा जवळ आल्या तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी आपल्या डॉक्टरांकडून मात्रांचे वेळापत्रक लिहून घ्यावे. मसाल्याच्या पुड्या खुशाल मोठ्या बॅगेत जाऊ द्याव्यात. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीतच हव्यात. इन्सुलिन तर सामानकक्षात गोठून निकामी होऊ शकते.

विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो. आपले कळसूबाई शिखर सुमारे ५,४०० फुटांचे आहे, यावरून कल्पना यावी. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. हृदय वा फुप्फुसाचा विकार असलेल्याला जाणवते. चाळीचा एक जिना न थांबता, धाप न लागता चढता येत नसेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी. हा प्रश्न मुलांना फोनवर विचारता येत नाही, कारण आई-वडील त्यांना खरे सांगत नाहीत!

चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अभ्यासातून दिसले. निरोगी माणसात तो तरीही अल्पच, साधारण सहा हजारांत एक. वय, पूर्वीची गुठळी, कर्करोग वा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांमुळे तो वाढतो. मार्गिकेलगतची जागा मागावी, तासा-दोन तासांनी उठावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. विमानतळावर चाकाची खुर्ची जरूर घ्यावी, परंतु विमानात तिची सवय नको. स्वच्छतागृहात जावे लागेल म्हणून पाणी टाळणाऱ्या आज्या मला ठाऊक आहेत. पाणी टाळू नये. शेजाऱ्याच्या सल्ल्याने ॲस्पिरिन तर मुळीच घेऊ नये.

पोहोचल्यानंतरच्या काही आठवड्यांत एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली वा छातीत दुखले, तर नातवंडाच्या बारशाची गडबड असली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे, आणि विमानप्रवास केल्याचे तेथे आवर्जून सांगावे.