करंट मारतो म्हणणारा कामगार नाटक करत नाही

तुम्ही भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये काम करत असाल, किंवा तुमच्या घरातलं कोणी करत असेल, तर पुढचं जरा सावकाश वाचा. प्रेसखाली बोट सापडणं आपल्या भागाला नवीन नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत असे अपघात किती सर्रास होतात, हे 'सेफ इन इंडिया' ही संस्था आपल्या 'क्रश्ड' या अहवालांतून वर्षानुवर्षं मांडते आहे. अपघाताबद्दल थोडंफार तरी बोललं जातं. मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या दुखण्याबद्दल.

जखम भरते, टाके निघतात, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं. माणूस कामावर रुजू होतो. आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा दवाखान्यात येतो. "डॉक्टर, बोटाला करंट मारतो. रुमाल घासला तरी आग होते. सकाळी गाडीवर गार वारा लागला की डोळ्यांत पाणी येतं." कधी तर जे पेर तुटून गेलं, तेच दुखत असतं. मग पुन्हा एक्स-रे, पुन्हा रक्त. सगळं नॉर्मल. सुपरवायझर म्हणतो, लाईट ड्यूटीसाठी नाटक चाललंय. घरचे म्हणतात, मनावर घेऊ नकोस. आणि सांगायला वाईट वाटतं, पण आमच्यातलेही काही जण "काही झालेलं नाही" असं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारतात.

नॉर्मल एक्स-रे हा दुखत नसल्याचा पुरावा नाही. एक्स-रे हाड दाखवतो. इथे बिघाड असतो तो मज्जातंतूच्या पेशीवर, तिच्या आवरणातल्या इतक्या सूक्ष्म दारांमध्ये की एक्स-रे काय, एमआरआयलाही ती दिसत नाहीत. (आपण 'नस' म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही म्हणतो. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू, शरीराची वायर.)

या दारांना आयन चॅनेल म्हणतात. दार उघडलं की बाहेरचे सोडियमचे भारित कण आत घुसतात, आणि नसेत साधारण एक दशांश व्होल्टची विजेची लाट उठून मेंदूकडे पळते. म्हणजे 'करंट मारतो' ही नुसती उपमा नाही. तो खरोखरच करंट असतो. कामगाराचा शब्द आमच्या रिपोर्टपेक्षा जास्त बरोबर आहे.

दार उघडायला काहीतरी निमित्त लागतं. घरात ठेचा कुटल्यावर हात भगभगतो, तो का? मिरची काही गरम नसते. पण तिच्यातलं कॅप्सेसिन हे रसायन नसेच्या टोकावरच्या एका रिसेप्टरला नेमकं बसतं. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. हा रिसेप्टर स्वतःच एक दार आहे, आणि एरवी तो साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उघडतो, 'भाजतंय' हे कळवायला. मिरची त्यालाच फसवून उघडते. अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला. पुढे दाब आणि स्पर्श ओळखणारे चॅनेल शोधणारे आर्डेम पाटापुटियन आणि ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

आता हे बोटाला लावून बघा. चेंगरलेल्या जागी सूज येते, तिथे प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं जमतात, आणि ती या रिसेप्टरची कळ हलकी करतात. ४३ अंशांना उघडणारं दार मग अंगाच्या साध्या उबेलाही उघडायला लागतं. म्हणून ताज्या जखमेवर कोमट पाणी कढत वाटतं. पहिले काही आठवडे हे चांगलंच आहे. दुखतं म्हणून आपण बोट जपतो आणि ते भरून येतं.

अडचण होते ती नसच चिरडली किंवा कापली गेली तर. तुटलेलं टोक पुन्हा वाढायचा प्रयत्न करतं, त्याला पुढची वाट सापडत नाही, आणि तिथे गाठ होते. त्या गाठीत सोडियमची दारं गरजेपेक्षा जास्त गोळा होतात. मग कोणी हात न लावताही तिथून लाटा उठत राहतात. मेंदूला त्या वायरचा एकच पत्ता माहीत असतो, गेलेलं पेर. म्हणून नसलेलं बोट दुखतं. यात वेडेपणा काहीही नाही.

अशा लाटा महिनोन्महिने आदळत राहिल्या की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतही बदल होतो. तिथे एनएमडीए नावाचा रिसेप्टर आहे. एरवी त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. सतत मारा झाला की ते निघतं, आणि पुढची पेशी साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून वर पाठवते. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवून दिलं की इजेनंतर वेदनेची ही तीव्रता मज्जारज्जूतच वाढू शकते. रुमालाने आग होते ती यामुळे.

या दारांची ताकद किती, हे एका विचित्र उदाहरणावरून कळतं. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा. हातातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. त्याला वेदना जाणवायचीच नाही. २००६ मध्ये त्याच्या नातलगांच्या तपासणीत सापडलं की एनएव्ही-१.७ हे एकच सोडियम चॅनेल त्यांच्यात जन्मतः निकामी होतं. मुलगा मात्र चौदावा वाढदिवस यायच्या आत, छतावरून उडी मारून गेला. एक दार बंद, तर वेदना नाही आणि सावधपणाही नाही. मग तीच दारं नको तेव्हा उघडी राहिली तर काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

"मग ते दार बंद करणारी गोळी द्या ना." शोध चालू आहे. एनएव्ही-१.८ हे चॅनेल बंद करणारं सुझेट्रिजिन हे औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते ताज्या दुखण्यासाठी. सायटिकाच्या पेशंटवरच्या चाचणीत खोट्या गोळीनेही जवळजवळ तेवढाच आराम पडला. त्याची वाट पाहत बसू नका.

आज प्रत्यक्षात काय होतं? मेडिकलमधून डायक्लोफिनॅक नाहीतर एसिक्लोफिनॅकची पट्टी येते आणि महिनोन्महिने चालते. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन अडवतात. सूज असेपर्यंत ठीक. सहा महिन्यांनी सूज ओसरलेली असते आणि बिघाड नसेत असतो, तिथे त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. वर पोट आणि किडनी पणाला लागते. फोर्जिंग किंवा फाउंड्रीत दिवसभर घाम गाळून, पाणी कमी पिऊन या गोळ्या घेणाऱ्यांची किडनी आणखी धोक्यात असते.

नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी आहेत. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन नसेच्या कॅल्शियम चॅनेलच्या एका भागाला चिकटून संदेश हळू करतात. अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन ही नैराश्याचीही औषधं आहेत, म्हणून पेशंट घाबरतात. इथे ती मज्जारज्जूतला वेदनेचा संदेश दाबण्यासाठी दिलेली असतात. लिग्नोकेनचा पॅच सोडियमची दारं त्याच जागी अडवतो. कोणत्याही औषधाला दोन-चार आठवडे द्यावे लागतात, आणि दुखणं निम्म्यावर आलं तर ते यश समजायचं. काहींना तेवढंही मिळत नाही. सोबत हाताचा व्यायाम हवाच. पट्टीत गुंडाळून ठेवलेला हात जास्त दुखतो. आणि हात सुजत असेल, रंग बदलत असेल, एकाच हाताला वेगळा घाम येत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट मात्र कोणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन आणि अमिट्रिप्टिलिनने झोप येते. तुम्ही नाईट शिफ्टला प्रेसवर उभे असाल, किंवा पहाटे नाशिक हायवेवरून बाईकने घरी येत असाल, तर डॉक्टरांना तुमची शिफ्ट सांगा. डोस त्याप्रमाणे बसवता येतो. पहिले काही दिवस मशीनवरून बाजूला ठेवा अशी चिठ्ठीही मागा. ज्या दुखण्यावर गोळी घेतली, तिच्याच गुंगीत दुसरं बोट जायला नको. आणि ही औषधं एकदम बंद करू नका.

काही जण खरंच वाढवून सांगतात का? सांगतात. पण ते ओळखायला एक्स-रे उपयोगाचा नाही. कापसाचा बोळा आणि गार चमचा पुरतो. कापूस फिरवून जिथे आग होते तिथे पेनाने रेघ मारायची, आठवड्याने पुन्हा तपासायचं. खरं दुखणं साधारण त्याच हद्दीत सापडतं. एनसीव्ही ही नसेची तपासणी नॉर्मल आली तरी शंका मिटत नाही. ती जाड तंतू मोजते, वेदना नेणारे बारीक तंतू तिच्यातून सुटतात.

माझी खरी तक्रार तक्त्याबद्दल आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कमावण्याची क्षमता किती गेली याचे आकडे दिले होते: तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, दोन पेरं ११, एक पेर ९, हाड न जाता नुसतं टोक उडालं तर ५. पेरं मोजली आहेत, वेदना नाही. टोक गेलेला पण सतत करंट मारणारा हात प्रेसवर चालत नाही, आणि पूर्ण बोट गेलेला पण न दुखणारा हात पुष्कळदा चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या वेदनेला स्वतंत्र जागा मिळाली आहे. आपल्या तक्त्यानेही ती द्यायला हवी.

तोवर कागद तयार ठेवा. ईएसआयच्या दवाखान्यात प्रत्येक भेटीत 'आग, करंट, स्पर्शाने दुखतं' हे तुमच्याच शब्दांत केस पेपरवर लिहायला सांगा. कापसाने तपासून काढलेल्या रेघेचा, तारखेसह, फोटो ठेवा. तक्त्यात नसलेल्या इजेचाही विचार मेडिकल बोर्ड करू शकतो. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर ठरलेल्या मुदतीत वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं. ती मुदत बोर्डाचा कागद हातात पडेल त्याच दिवशी तिथेच विचारून घ्या.